फ्रेंच भाषकांच्या मलय लेखनातल्या चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांचे मलय निबंध, पत्रं आणि ईमेल तपासणं हे माझं क्वालालंपुरातलं काम. मला प्रश्न पाठवणारी मंडळी मात्र बरीचशी मराठी आहेत. कुणी फ्रेंच शिकवतं, कुणी फ्रेंच कंपनीतून मलेशियात बदलून आलंय, कुणी फ्रेंच पाठ्यपुस्तकावरूनच मलय शिकतंय आणि त्या पुस्तकाच्या सवयी आपसूक उचलतंय. त्याच त्या प्रश्नांची ही एकत्र उत्तरं.

लिपीबद्दल थोडं. मलय आज मुख्यतः रोमन अक्षरांत लिहितात, तिला तिकडे ‘रूमी’ म्हणतात. अरबी वळणाची ‘जावी’ लिपीही आहे. इथे मलय शब्द देवनागरीत दिलेत. जिथे स्पेलिंगचाच मुद्दा आहे तिथे रोमन अक्षरांची नावं सांगितलीत.

1. फ्रेंच भाषकांच्या चुका वेगळ्या का काढायच्या? इंग्रजीवाले करतात त्याच ना त्या?

काही त्याच, पण बऱ्याच नाहीत. इंग्रजीवाला पहिल्या आठवड्यात विशेषण आधी टाकतो, कारण त्याच्याकडे ‘लाल’ आधी आणि ‘गाडी’ नंतर. मलयमध्ये उलटं : ‘करेता मेराह’, म्हणजे गाडी लाल. फ्रेंचमध्येही रंग नामानंतरच येतो, त्यामुळे फ्रेंच विद्यार्थी इथे सहज पास होतो. तो अडखळतो ते मोठा, लहान, सुंदर, जुना, चांगला अशा मोजक्या विशेषणांवर, कारण फ्रेंचमध्ये ती नामाच्या आधी येतात. म्हणून तोच विद्यार्थी एका ओळीत ‘करेता मेराह’ बरोबर लिहितो आणि पुढच्याच ओळीत ‘रूमाह बसार’ (मोठं घर) ऐवजी ‘बसार रूमाह’.

माझं निरीक्षण असं, की फ्रेंच भाषक मलय लिहिताना कमी लिहीत नाही, जास्त लिहितो. फ्रेंच वाक्याला जे जे लागतं ते सगळं तो मलय वाक्यात भरतो : ‘आहे’, ‘चा-ची-चे’, अनेकवचन, ‘जिथे’. मलयला त्यातलं बरंचसं नको असतं. दुसरा छोटा ढीग आहे तो फ्रेंचमध्ये नसलेल्या भेदांचा (प्रश्न 5 आणि 8).

2. दोन्ही भाषा रोमन लिपीत, मग स्पेलिंग चुकतं कसं?

लिपी एक असली तरी अक्षरांची कामं वेगळी. ‘ऊ’ हा उच्चार फ्रेंचमध्ये ओ आणि यू अशा दोन अक्षरांनी लिहितात. मलयमध्ये नुसता यू. श्रुतलेखनात ‘बूकू’ (पुस्तक) म्हटलं, की वहीत दोनदा ओ-यू उमटतो. फ्रेंच कान ‘च’ ऐकला की टी-सी-एच लिहितो, ‘ज’ ऐकला की डी-जे. मलयमध्ये ‘च’ म्हणजे एकटा सी आणि ‘ज’ म्हणजे एकटा जे. मलेशिया आणि इंडोनेशियाने 1972 मध्ये लेखनपद्धती सारखी केली तेव्हापासून हे पक्कं आहे. त्याआधी मलायात सी-एच होता, तर इंडोनेशियात डच वळणाचा टी-जे. ‘न्य’साठी फ्रेंच सवय जी-एन, मलय एन-वाय.

सगळ्यात जास्त लाल शाई जाते ‘ह’वर. फ्रेंचमध्ये एच मुका, त्यामुळे विद्यार्थ्याला तो ऐकूच येत नाही. पण ‘मूदा’ म्हणजे तरुण आणि ‘मूदाह’ म्हणजे सोपं. ‘दारा’ म्हणजे कुमारिका आणि ‘दाराह’ म्हणजे रक्त. एक एच गाळला की भलतंच वाक्य तयार होतं. या दोन्ही खोडींचा नमुना खुद्द फ्रेंच शब्दकोशात बसलाय. ‘ओरांग हूतान’, म्हणजे रानातला माणूस, हा फ्रेंचमध्ये गेला तेव्हा ‘हूतान’चा एच गळला आणि यूच्या जागी ओ-यू आला. ‘पांतून’ या मलय काव्यप्रकाराचंही तेच : व्हिक्टर ह्युगोने 1829 मध्ये आपल्या संग्रहाच्या टिपांत एका पांतूनचा दुसऱ्याने केलेला फ्रेंच अनुवाद दिला, आणि फ्रेंचमध्ये तो ओ-यू लावून आणि शेवटी ‘म’ घेऊन ‘पांतूम’ म्हणून रुळला.

ई या अक्षरावर फ्रेंच विद्यार्थी डोक्यावरची तिरकी रेघ देतात. रोजच्या मलय लेखनात ती देत नाहीत. ‘परांग’ (युद्ध) आणि ‘पेरांग’ (तपकिरी) यांचं स्पेलिंग एकच, संदर्भावरून ओळखायचं.

3. मलयमध्ये ‘आहे’साठी शब्द आहे की नाही? एकीकडे सांगतात नाही, आणि पुस्तकात तर ‘आदालाह’ दिसतो.

साध्या वाक्यात नाही. ‘हे घर मोठं आहे’ म्हणजे ‘रूमाह इनी बसार’ : घर, हे, मोठं. संपलं वाक्य. फ्रेंच भाषकाला हे अर्धवट वाटतं म्हणून तो मध्ये ‘आदालाह’ घालतो. मराठी माणसालाही वाटतं, आपल्याला ‘आहे’शिवाय चैन पडत नाही.

औपचारिक गद्यात दोन शब्द येतात. मलेशियातल्या शालेय व्याकरणाप्रमाणे नामाच्या आधी ‘इयालाह’, विशेषण किंवा शब्दयोगी शब्दसमूहाच्या आधी ‘आदालाह’. लांब वाक्यात कर्ता कुठे संपला हे दाखवायला ते उपयोगी पडतात. चार शब्दांच्या वाक्यात ते सुटाबुटात भाजी आणायला गेल्यासारखे दिसतात. आणि क्रियापदाआधी तर कधीच नाही : ‘मी काम करतो’ला ‘साया आदालाह बकर्जा’ लिहिणं चूकच, नुसतं ‘साया बकर्जा’. नकाराच्या शब्दाआधीही शालेय व्याकरण त्यांना येऊ देत नाही.

याला जोडून ‘आदा’चा घोळ. फ्रेंचमध्ये वय ‘असतं’, भूकही ‘असते’ : माझ्याकडे वीस वर्षं आहेत, माझ्याकडे भूक आहे, अशी त्यांची रचना. ‘आदा’ म्हणजे ‘जवळ असणे’ हे कळलं रे कळलं, की वहीत ‘साया आदा दूआ पूलूह ताहून’ येतं. वाचणाऱ्या मलय माणसाला वाटतं, ह्याला वीस वर्षांची शिक्षा उरलीय की काय. बरोबर वाक्य ‘ऊमूर साया दूआ पूलूह ताहून’, म्हणजे माझं वय वीस वर्षं. भूक लागली तर नुसतं ‘साया लापार’.

4. शब्द दोनदा लिहिला की अनेकवचन, बरोबर?

बरोबर, पण दरवेळी तो दोनदा लिहायचा नसतो. ‘बूकू’ म्हणजे पुस्तक आणि पुस्तकंही. ‘बूकू-बूकू’ लिहायचं ते अनेकपणा मुद्दाम दाखवायचा असेल तेव्हा. आकडा आला की द्विरुक्ती गेली. फ्रेंचमध्ये ‘तीन’ म्हटल्यावरही नामाला एस लावावाच लागतो (बोलताना तो ऐकू येत नाही, पण लिहिताना विसरला तर शाळेत गुण जातात). तीच धास्ती मलयमध्ये ‘तीगा बूकू-बूकू’ घडवते.

‘तीगा बूकू’ एवढ्यानेही काम पुरं होत नाही. आकडा आणि नाम यांच्यामध्ये मोजशब्द हवा : ‘तीगा बूआह बूकू’. आपल्या ‘चार जण’मधल्या ‘जण’सारखा हा प्रकार, फक्त मलयमध्ये तो सगळ्या वस्तूंना लागतो. माणसांना ‘ओरांग’, जनावरांना ‘एकोर’, घर-गाडी-पुस्तक-देश यांना ‘बूआह’, लांबुडक्या वस्तूंना ‘बातांग’, कागद-कापडाला ‘हलाइ’, फुलांना ‘कूनतूम’, सुरीला ‘बीलाह’. ‘एकोर’चा मूळ अर्थ शेपूट, पण बेडकालाही तोच चालतो, तेव्हा शेपूट शोधत बसू नका. फ्रेंच विद्यार्थी आधी मोजशब्द गाळतात. तो कळला की सगळ्यालाच ‘बूआह’ लावत सुटतात. माणसाला ‘बूआह’ लावलेलं मात्र फार कानाला खटकतं.

जुन्या वह्यांत आणि आजच्या चॅटमध्ये ‘बूकू’पुढे 2 हा आकडा घालून द्विरुक्ती दाखवलेली दिसते. ती सोय खासगी लेखनापुरती. पत्रात, परीक्षेत जोडरेघ देऊन पूर्ण लिहायचं.

5. ‘तीदाक’ आणि ‘बूकान’, दोन्ही ‘नाही’च. कुठे कोणतं?

क्रियापद आणि विशेषणाला ‘तीदाक’, नामाला ‘बूकान’. फ्रेंच नकार दोन तुकड्यांचा असला तरी सगळीकडे सारखाच, म्हणून विद्यार्थी एकच शब्द पकडतो आणि ‘साया तीदाक दोक्तोर’ लिहितो. हवं ‘साया बूकान दोक्तोर’. मराठीत ‘मी डॉक्टर नव्हे’ म्हणताना जो ‘नव्हे’ येतो, तो डोक्यात ठेवला की मराठी वाचकाचं काम भागतं.

अपवादही मराठीसारखाच. ‘ती रागावलेली नव्हे, दमलेली आहे’ अशी तुलना असेल तर विशेषणाआधीही ‘बूकान’ : ‘दीया बूकान माराह, ततापी पनात’.

आणखी दोन नकार फ्रेंच भाषक विसरतात. ‘जेवलात?’ याला ‘तीदाक’ म्हटलं तर ‘जेवत नाही’ असा रुसवा ऐकू येतो. ‘अजून नाही’साठी ‘बलूम’ आहे. आणि ‘नको, नका’साठी ‘जांगान’. दारावर ‘आत येऊ नये’ लिहायचं असेल तर फ्रेंच पाटीचा शब्दशः ‘तीदाक मासूक’ करू नका. तिथे ‘दीलारांग मासूक’ लिहितात, म्हणजे प्रवेशास मनाई.

6. ‘चा-ची-चे’साठी ‘दारी’ की ‘दारीपादा’?

बहुतेक वेळा दोन्ही नकोत. मालकी दाखवायला मलयमध्ये शब्द शेजारी ठेवले की झालं : ‘रूमाह बापा साया’, घर-वडील-माझे, म्हणजे माझ्या वडिलांचं घर. क्रम अगदी फ्रेंचसारखा आहे, आणि तिथेच घात होतो. क्रम जुळतो म्हणून विद्यार्थी मधला फ्रेंच सांधाही घालतो : ‘रूमाह दारी बापा साया’.

‘हून, पासून’ असा अर्थ खरोखर असेल तेव्हा हे शब्द येतात. जागा, दिशा, वेळ यांना ‘दारी’ : ‘दारी पॅरिस’. व्यक्तीकडून आलेलं, अमुकपासून बनलेलं आणि तुलना यांना ‘दारीपादा’ : ‘सूरात दारीपादा अमाक’ (आईचं पत्र), ‘लबीह बसार दारीपादा’ (च्यापेक्षा मोठा). इंडोनेशियन पुस्तकातून शिकलेल्यांना तुलनेत ‘दारी’ची सवय असते, अशा सरमिसळीबद्दल प्रश्न 14 पाहा.

7. ‘मी राहतो ते घर’ लिहिताना ‘दी माना’ वापरलं, तर खोडलं. का?

कारण ‘दी माना’ हा प्रश्न आहे : कुठे? फ्रेंचमध्ये प्रश्नातला ‘कुठे’ आणि संबंधी ‘जिथे’ एकच शब्द आहे, तो घरालाही लागतो आणि दिवसालाही. म्हणून ‘रूमाह दी माना साया तिंगाल’ आणि ‘हारी दी माना साया तीबा’ अशी वाक्यं येतात. मलय रचना वेगळी. घरासाठी ‘रूमाह तम्पात साया तिंगाल’, यात ‘तम्पात’ म्हणजे ठिकाण. किंवा ‘यांग’ वापरून ‘रूमाह यांग साया दीयामी’. दिवसासाठी सरळ ‘पादा हारी साया तीबा’.

‘ज्याने, ज्याच्याबरोबर, ज्याबद्दल’ अशा फ्रेंच साखळ्या शब्दशः आणायला गेलात तर वाक्य मोडतं. ‘ज्या सुरीने मी पाव कापतो’ याला ‘सुरी, जी मी पाव कापायला वापरतो’ असं वळवून घ्या. तक्रार कराल की मलेशियातल्या वर्तमानपत्रांतही ‘दी माना’ असं दिसतं. दिसतं. प्रश्न 15 पाहा.

8. ‘कीता’ आणि ‘कामी’ इतकं का गोंधळात टाकतं?

फ्रेंच भाषकाला टाकतं, मराठी भाषकाला टाकायचं कारण नाही. ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘कीता’ म्हणजे आपण. बस. फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच सर्वनाम, त्यामुळे समोरचा माणूस ‘आपल्यात’ धरला की नाही हा हिशोब त्यांनी कधी केलेलाच नसतो.

नेहमीचा नमुना म्हणजे निमंत्रण. ‘आम्ही आपणांस बोलावत आहोत’ याला ‘कीता मञ्जम्पूत’ लिहिलं, तर पाहुणाच यजमानांत जाऊन बसतो. कंपनी किंवा संस्थेच्या वतीने बाहेर जाणारं पत्र असेल तर डोळे मिटून ‘कामी’.

9. आदरार्थी ‘तुम्ही’ला ‘आन्दा’ चालेल ना?

जाहिरातीत, फॉर्मवर, वापराच्या सूचनांत चालेल. अनोळखी सर्वांना एकदम उद्देशून तो शब्द आहे. फ्रेंच विद्यार्थ्याला आदरार्थी एकच सर्वनाम माहीत, तो शिक्षकापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ‘आन्दा’ करतो. मग प्राध्यापकांना लिहिलेला ईमेल बँकेच्या पत्रकासारखा वाटतो.

मलय माणूस अशा वेळी सर्वनाम टाळून पदवी किंवा नातं वापरतो. अधिकाऱ्याला ‘तूआन’ किंवा ‘पूआन’, साध्या व्यवहारात ‘एञ्चिक’, शाळेतल्या शिक्षकांना ‘चिकगू’. आपण ‘सर, उद्या येणार का?’ म्हणतो तसंच. बरोबरीच्यांत ‘आवाक’, अगदी घसटीत ‘काऊ’. मित्राला म्हणून शिकलेला ‘काऊ’ अनोळखी माणसाला लिहिला तर तो सरळ उद्धटपणा ठरतो.

10. ‘दी’ जोडून लिहायचा की तोडून?

पुढे जागा असेल तर तोडून : ‘दी रूमाह’ (घरात), ‘दी सीनी’ (इथे). पुढे क्रियापद असेल तर तो कर्मणीचा उपसर्ग, जोडून : ‘दीतूलिस’ (लिहिलं जातं), ‘दीमाकान’ (खाल्लं जातं). फ्रेंच विद्यार्थी दोन्ही तोडतात. स्थानिक लोकही पाट्यांवर हवं तसं लिहितात, तेव्हा पाट्या पाहून शिकू नका.

अडचणीचे अपवाद असे : ‘कपादा’ आणि ‘दारीपादा’ कायम एक शब्द. ‘क तपी’ (बाजूला) दोन शब्द, पण त्यालाच उपसर्ग-प्रत्यय लागून ‘दीकतपीकान’ (बाजूला सारलं गेलं) झालं की सगळं एकत्र.

11. विरामचिन्हं तरी सारखीच असतील?

नाहीत, आणि तपासणाऱ्याला लेखकाचं मूळ गाव इथेच कळतं. फ्रेंच छपाईत प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या आधी मोकळी जागा सोडतात. मलयमध्ये चिन्ह शब्दाला चिकटून. अवतरणाला कोनांची दुहेरी चिन्हं नकोत, साधी दुहेरी वापरा. वार, महिने आणि भाषांची नावं फ्रेंचमध्ये लहान अक्षराने सुरू होतात, मलयमध्ये ‘इस्निन’ (सोमवार), ‘जानूआरी’, ‘मलायू’ मोठ्या अक्षराने. मात्र ‘बाहासा मलायू’ लिहिताना वाक्याच्या मध्ये ‘बाहासा’ लहानच.

आकड्यांत दशांशाला फ्रेंच स्वल्पविराम देतात, मलेशियात बिंदू : 3.5. हजाराला स्वल्पविराम, जागा नाही : 1,500. पगाराच्या कागदावर ही चूक महागात पडू शकते.

12. ‘हे पत्र मी लिहिलं’ याचं कर्मणी वाक्य चुकीचं का ठरतं?

कारण फ्रेंच नियमाप्रमाणे तुम्ही ‘माझ्याकडून’ जोडलंत : ‘सूरात इनी दीतूलिस ओलेह साया’. प्रमाण मलयमध्ये ‘दी-…ओलेह’ ही जोडी तृतीयपुरुषी कर्त्यासाठी. कर्ता ‘मी’ किंवा ‘तू’ असेल तर उपसर्ग काढा आणि सर्वनाम क्रियापदाला खेटून ठेवा : ‘सूरात इनी साया तूलिस’. मध्ये काही येऊ द्यायचं नाही. ‘आधीच’चा ‘तलाह’ लावायचा तर तो सर्वनामाच्या आधी : ‘सूरात इनी तलाह साया तूलिस’. फ्रेंच विद्यार्थी तो हटकून मध्ये घुसवतात, कारण त्यांचं भूतकाळाचं साहाय्यक क्रियापद तिथेच बसतं.

13. ‘तूलिस’चं ‘मनूलिस’ होतं, मग ‘तर्जमाह’चं ‘मनर्जमाह’ का नाही?

नियम सोपा : ‘म-’ उपसर्ग लागला की सुरुवातीचे क, प, त, स हे अनुनासिकात विरघळतात. ‘पूकूल’ (मारणे) ‘ममूकूल’, ‘तूलिस’ ‘मनूलिस’, ‘सापू’ (झाडणे) ‘मन्यापू’, ‘कीरा’ (मोजणे) ‘मङीरा’. हे न कळलेला विद्यार्थी ‘मन्तूलिस’ लिहितो.

अपवाद दोन प्रकारचे. जोडाक्षराने सुरू होणारे परके शब्द पहिलं अक्षर सोडत नाहीत : ‘मङ्क्रीतिक’ (टीका करणे), ‘मम्प्रोसेस’. आणि काही शब्द रूढीने टिकलेत. मलेशियात भाषांतर करणे म्हणजे ‘मन्तर्जमाह’. इंडोनेशियात मात्र त गळतो. ‘काजी’ची गंमत वेगळीच : ‘मङाजी’ म्हणजे कुराण वाचायला शिकणे, ‘मङ्काजी’ म्हणजे अभ्यास, संशोधन करणे. प्रबंधाच्या पहिल्या ओळीत क गळाला तर विषयच बदलतो.

एकाक्षरी धातूला मध्ये स्वर घ्यावा लागतो : ‘चात’ (रंग) वरून ‘मङचात’, रंगवणे. इथे च गळत नाही.

14. मी इंडोनेशियन शिकलेय. तेच मलय म्हणून लिहिलं तर?

समजेल, पण खटकेल, आणि काही ठिकाणी फजिती. पॅरिसच्या पौर्वात्य भाषा संस्थेत दोन्ही शिकवतात, तरी फ्रेंचमधून मिळणारं साहित्य जास्त इंडोनेशियनचं, त्यामुळे ही सरमिसळ फार होते. ‘करेता’ मलेशियात मोटार, इंडोनेशियात आगगाडी. ‘बूदाक’ इकडे लहान मूल, तिकडे गुलाम. ‘पर्चूमा’ इकडे फुकट, तिकडे व्यर्थ. ‘बीसा’ तिकडे ‘शकणे’. मलेशियात ‘बीसा’ म्हणजे विष, आपल्याच संस्कृत ‘विष’वरून आलेलं, आणि ‘शकणे’साठी ‘बोलेह’. ‘आन्दा’ इंडोनेशियात मोठ्या अक्षराने सुरू होतो, मलेशियात वाक्याच्या मध्ये लहान.

परके शब्दही वेगळ्या वाटेने आलेत. मलेशियात इंग्रजीवरून ‘यूनिवर्सिती’, ‘स्तेसेन’, ‘पोलिस’. इंडोनेशियात लॅटिनवरून ‘यूनिवर्सितास’ आणि डचवरून ‘स्तासियून’, ‘पोलिसी’. एक देश निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

15. मलय लोक स्वतः ‘दी माना’ लिहितात, ‘दी’ चुकवतात. मग आम्हालाच का लाल शाई?

प्रश्न रास्त आहे. ‘दी माना’ त्यांच्याकडे इंग्रजीच्या संसर्गाने आला, तुमच्याकडे फ्रेंचच्या, चूक तीच. मी असं करते : परीक्षा, अर्ज, कार्यालयीन पत्र असेल तर खोडते. मित्राला पाठवलेला निरोप असेल तर प्रश्न 5 आणि 8 मधल्या चुकाच दाखवते, कारण तिथे अर्थ बदलतो. बाकी सोडून देते.

16. आगगाडीला कुठे एक शब्द दिसतो, कुठे दोन. खरं काय?

आजच्या नियमाने दोन : ‘करेता आपी’, गाडी-आग. पण मलेशियाच्या रेल्वे कंपनीच्या नावात ‘करेतापी’ असं जुनं, जोडलेलं रूप आहे आणि विशेषनाम म्हणून ते तसंच राहतं. नाव लिहाल तेव्हा जोडा, गाडी लिहाल तेव्हा तोडा. मध्ये जोडरेघ मात्र देऊ नका. ती फ्रेंच सामासिक शब्दांची सवय. मलयमध्ये जोडरेघेचं मुख्य काम द्विरुक्तीचं (प्रश्न 4).

सामासिक शब्द एरवी तोडूनच लिहितात. ‘वार्गानगारा’ (नागरिक), ‘माताहारी’ (सूर्य), ‘सतियाऊसाहा’ (सचिव), ‘ताङ्गुङजावाब’ (जबाबदारी) असे काही रूढीने एकत्र झालेत, ते पाठ करायचे. तोडून लिहायच्या शब्दांनाही पुढे-मागे दोन्हीकडून प्रत्यय लागले तर ते जुळतात : ‘आम्बिल आलिह’ (ताबा घेणे) दोन शब्द, ‘पङाम्बिलालिहान’ (ताबा घेण्याची क्रिया) एक.